सूनबाई, पुन्हा सांग

फट् असा आवाज झाला आणि पाठोपाठ जळका, आंबट वास खोलीभर पसरला. नानांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, भिंतीवरून हात फिरवत बटण गाठलं, ते बंद केलं, पिन खेचून काढली आणि मग खिडकी उघडली. एवढं सगळं उरकल्यावर त्यांनी हाक मारली, "अगं, काही झालेलं नाही. धावत येऊ नकोस."

माई अर्थातच धावत आल्या. हातात शिवणाची कात्री तशीच होती.

"काही झालेलं नाही कसं? धूर दिसतोय मला!"

"मला दिसत नाही ना, म्हणूनच आधी पिन काढली," नाना म्हणाले.

नाना लहानपणापासून पूर्ण आंधळे. पण घरात कुणी त्यांना हात धरून उठवलेलं त्यांना चालायचं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. नुसत्या 'हॅलो'वरून ते माणूस ओळखायचे, आणि त्याला सर्दी झाली असेल तर काढा घ्या म्हणून सांगायचेही. निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा कॉम्प्युटर. शहरातल्या ध्वनी-संग्रहालयाकडे जुन्या माणसांच्या मुलाखतींच्या टेप होत्या. त्यांच्यातली खरखर, खोकले, खुर्च्यांची कुरकुर काढून बोलणं स्वच्छ करायचं काम नानांकडे यायचं. डोळस माणसांनी साफ केलेल्या टेपसुद्धा शेवटी त्यांच्याकडे येत, 'एकदा नाना ऐकू देत' म्हणून. हे सांगताना नानांची मान जरा ताठ व्हायची, आणि ते योग्यच होतं.

अलीकडे मात्र कॉम्प्युटर कामाच्या मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला होता. आज त्याने आवाज करून कारण सांगून टाकलं. आतला पॉवर सप्लाय गेला होता. भिंतीतल्या विजेला आवरून-सावरून कॉम्प्युटरला झेपेल एवढी करून देणारा तो पत्र्याचा डबा.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो बंदरात क्रेन चालवायचा. दिवसभर अवजड पेट्या उचलून त्याला जगातली प्रत्येक वस्तू किरकोळ वाटायची.

"डबाच तर आहे. उद्या येताना उचलून आणतो एखादा."

"मला चपला आणायच्या असत्या तर माझे पाय इथे ठेवून गेला असतास का?" नानांनी विचारलं. "माझ्या टेबलाखाली जे बसणार, ते मी निवडणार."

"अहो, पण तुम्ही..." माईंनी वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं.

"आंधळा आहे, अडाणी नाही," नानांनी ते आपल्या परीने पूर्ण केलं.

तेव्हा सून म्हणाली, "मी येते नानांबरोबर. रविवारी मला सुट्टी आहे."

सून एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध-भांडारात फार्मासिस्ट होती. लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. मुलगी गुणी, पण नानांशी वागताना जरा जास्तच जपून वागायची. गेल्या महिन्यात तिने त्यांच्या टेबलामागचा तारांचा गुंता मोठ्या हौसेने सोडवला आणि प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाची चिठ्ठी बांधली. नानांनी शांतपणे विचारलं होतं, "लाल कुठली गं?" मग तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. नाना पोट धरून हसले होते. पण तेव्हापासून ती आणखीनच संकोचून वागायला लागली होती, आणि नानांना नेमकं तेच नको होतं.

रविवारी निघताना तिने त्यांचा हात धरला. नानांनी तो सोडवून घेतला आणि तिच्या कोपराला हलकेच धरलं. "मला ओढायचं नाही. मी धरतो, तू नुसती चाल. पायरी आली की थांब, मला कळतं."

सून चालायला लागली. कोपऱ्यावर पायरी आली तेव्हा ती थांबली, नाना उतरले, आणि दोघं पुढे गेले.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी रचलेली. दुकानदाराने दोघांना पाहिलं आणि सुनेला विचारलं, "ताई, आजोबांना काय हवंय?"

सून काही बोलणार तोच नाना म्हणाले, "आजोबांना पॉवर सप्लाय हवाय. आणि आजोबांना तोंड आहे."

दुकानदार खजील झाला. लगबगीने त्याने तीन-चार डबे काढून नानांसमोर ठेवले. नानांनी एकेक उचलला. बोटांनी कडा चाचपल्या, तारांची जाडी पाहिली, पंख्याची जाळी दाबून बघितली. तिसरा डबा उचलला आणि त्यांचा हात खाली गेला. चांगलाच जड होता.

"हा," नाना म्हणाले. "यात माल आहे. बाकीचे पोकळ."

"वा! हात आहे का तराजू!" दुकानदार म्हणाला. "नेमका उचललात. सहाशे वॅट. डोळसांनासुद्धा हे कळत नाही, काका."

नानांना त्याने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि नाना चढलेही. सून मात्र डब्याच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाचत होती. जेवणाच्या सुट्टीत तिने या विषयावर मिळेल ते वाचून काढलं होतं, कारण माहीत नसलेल्या वस्तूजवळ जायची तिची पद्धतच तशी होती.

"नाना, एक मिनिट. यावर सहाशे वॅट लिहिलंय. पण कॉम्प्युटर सगळा जोर बारा व्होल्टवर घेतो, आणि त्या रकान्यात फक्त अठरा अँपिअर दिलेत. बारा गुणिले अठरा, म्हणजे सव्वादोनशेसुद्धा होत नाहीत. मग उरलेले वॅट कुठे..."

"ताई, हे कंपनीचे आकडे असतात, त्यांची पद्धत वेगळी असते," दुकानदार म्हणाला.

"आणि हा कार्यक्षमतेचा शिक्का..."

"सूनबाई," नाना जरा चढ्या आवाजात म्हणाले, "हे तुझं गोळ्यांचं दुकान नाही. माझ्या हातावर विश्वास ठेव."

दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती. सुनेने पुढचं बोलणं आवरलं आणि नानांनी तोच डबा बांधून घेतला. येताना ती पायरीपाशी थांबत होती, नाना उतरत होते. पण दोघांमधलं बोलणं मात्र बंद होतं.

घरी आल्यावर नानांनी डबा स्वतः बसवला. कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. स्क्रू एका वाटीत काढून ठेवले, जुन्या तारा ओढून काढल्या, नव्या तारा बोटांनी ओळखून जागच्या जागी खोचल्या. कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्यातला आवाज बोलायला लागला तेव्हा दाराआडून माईंनी टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, "मानलं, नाना!"

दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी नानांनी एका लांबलचक मुलाखतीतली खरखर काढायला घेतली. हे काम कॉम्प्युटरला घाम फोडणारं. टेबलाखालून बारीक, किरकिऱ्या डासासारखा आवाज यायला लागला. तो चढत गेला, आणि कॉम्प्युटर बंद पडला. आपला आपण पुन्हा सुरू झाला. नानांनी पुन्हा काम लावलं. पुन्हा डास, पुन्हा बंद.

नानांनी लगेच पिन काढली. डबा बाहेर काढून मांडीवर घेतला. मग त्यांनी नखाने त्यावर टिचक्या मारायला सुरुवात केली. वरच्या बाजूला पत्रा वाजला, टण्. डाव्या बाजूला टण्. उजव्या बाजूला टण्. खालच्या बाजूला मात्र आवाज मुका आला. तिथे पत्र्यामागे पोकळी नव्हतीच. काहीतरी सपाट, भरीव, चिकटून बसलेलं होतं.

सून कामावरून आली. तिने पर्स ठेवली तोच नानांची हाक आली. ती दारात येऊन उभी राहिली.

"सूनबाई," नाना म्हणाले, "त्या दिवशी दुकानात तू काय सांगत होतीस, ते पुन्हा सांग. या वेळी मी ऐकतो."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्यात रुसवा नव्हता, लाजही नव्हती. पण एवढं एक वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागला असेल हे सुनेला कळलं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितलं. अँपिअरचं गणित सांगितलं. डब्यावरचा शिक्का ज्या संस्थेचा, तिच्या यादीत या डब्याचं नावच नाही हे सांगितलं. विजेचा दाब वाढला किंवा आत कुठे तारेला तार लागली तर स्वतःहून बंद होण्याची सोय चांगल्या सप्लायमध्ये असते, आणि या खोक्यावर त्याबद्दल अवाक्षर नाही, हेही सांगितलं.

"आमच्याकडेही असंच असतं, नाना. बनावट औषधाचं पाकीट खऱ्यापेक्षा जास्त चकचकीत असतं. आत काय आहे ते पाकिटावरून कळू नये, म्हणूनच तर तो सगळा थाट."

नानांनी डबा तिच्या हातात दिला. "खालून टिचकी मार."

तिने मारली. मग बाजूला मारली. पुन्हा खाली मारली.

"हे काय आहे?"

"उघडून बघूया?"

"नाही," सून एकदम म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात संकोच नव्हता. "पिन काढली तरी आत वीज साठून राहते. आपण दोघांनी हे उघडायचं नाही. ज्याने विकलं त्याच्याकडूनच उघडून घेऊ."

"शाबास," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुकानात शिरताच दुकानदाराने सवयीने सुनेकडे पाहिलं. "बोला ताई, काय झालं?"

"यांना विचारा," सून म्हणाली. "गिऱ्हाईक हे आहेत."

नानांनी डबा काउंटरवर ठेवला आणि झालेला प्रकार सांगितला. दुकानदार आधी हसण्यावारी न्यायला लागला. तुमचा कॉम्प्युटर जुना असेल, घरातली वायरिंग खराब असेल, असं काय काय म्हणाला. नाना म्हणाले, "असेलही. माझा एवढाच प्रश्न आहे की डब्याची खालची बाजू वाजत का नाही? तुम्ही वाजवून बघा."

दुकानदाराने वाजवून बघितलं. त्याच्या कपाळावर आठी आली. मग कुणी आग्रह करायची गरज उरली नाही. त्याने मागच्या टेबलावरून रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सावकाश, आतल्या कशाला हात न लावता, झाकण काढलं.

दुकानदार वाकून आत बघत राहिला. नानांनीच विचारलं, "काय आहे?"

"पट्टी आहे," दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "लोखंडाची. तळाला चिकटवलीय. नुसती वजनासाठी."

त्याने चिमट्याने पट्टी उचकटून नानांच्या हातात दिली. जाडजूड, खडबडीत कडांची, कशालाही न जोडलेली पट्टी. नानांनी ती अंगठ्याने चाचपली. त्यांचा चेहरा उतरल्याचं सुनेने पाहिलं. तेवढ्यात नानांच्या ओठांचा कोपरा हलला.

"दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात," ते म्हणाले. "मला तर दिसतही नाही, तरी फसलो!"

सून फस्सकन हसली. मग दुकानदारही हसला, पण त्याचं हसू लगेच विरलं. त्याने फळीवरून त्याच जातीचा दुसरा, सीलबंद डबा काढला आणि खोलला. त्यातही पट्टी. तिसऱ्यातही.

"काका, आईशप्पथ सांगतो, मला ठाऊक नव्हतं. घाऊकवाल्याने सांगितलं, मी गिऱ्हाइकांना सांगितलं." त्याने उरलेली खोकी उतरवून दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. खोकी ठेवून आला आणि या वेळी नानांसमोर उभा राहून म्हणाला, "तुम्हाला कसला हवाय ते सांगा. हवा तेवढा वेळ घ्या."

"या वेळी तुम्ही सुचवायचं नाही," नाना म्हणाले. "आम्ही दोघं निवडणार. सूनबाई, तू वाच, मी ऐकतो."

मग जे झालं ते पाहायला दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही थांबली. नानांनी आपल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे ते तोंडपाठ सांगितलं. सुनेने प्रत्येकाला किती वीज लागते ते शोधून बेरीज केली आणि वर पुरेशी ढील ठेवली.

दुकानदाराने हजार वॅटचा एक मोठा डबा पुढे सरकवला. "हा घ्या, चिंताच नको."

"एवढा कशाला?" सून म्हणाली. "मुंगीला कोंबडा कापायची सुरी? आम्हाला लागतात त्याच्या दुप्पट-तिप्पट वॅट घेऊन करायचं काय? जेवढे लिहिलेत तेवढे खरोखर देणारा हवा."

"म्हण चुकली," नाना पुटपुटले, "पण मुद्दा बरोबर आहे."

सुनेने एकेका डब्याचं लेबल वाचलं. बारा व्होल्टच्या रकान्याची बेरीज केली. शिक्क्यांची नावं संस्थेच्या यादीत तपासली. एका डब्याचं नाव यादीत होतं, पण किंचित वेगळ्या स्पेलिंगने. तिने तो बाजूला सारला. "आमच्याकडे असं एक अक्षर बदललेलं पाकीट आलं की आम्ही पोलिसांना कळवतो." दुकानदाराने मान खाली घातली. शेवटी तीन डबे उरले. तिन्ही कागदावर चोख होते, तिन्हींना बऱ्याच वर्षांची हमी होती.

"आता माझी पाळी," नाना म्हणाले. "जोडा एकेक. आणि कॉम्प्युटरला पळवा."

दुकानदाराने मागच्या टेबलावर उघडा कॉम्प्युटर मांडला, पहिला डबा जोडला आणि जड काम लावलं. नानांनी मान खाली घालून कान जवळ नेला. दुकानातली कुजबुज आपोआप थांबली.

"याचा पंखा घासतोय. आज नाही कळणार, सहा महिन्यांनी कळेल."

दुसरा लावला.

"हा गातोय. वर बारीक शिट्टी आहे. बिघडलेला नाही, पण माझं काम ऐकण्याचं आहे, मला नको."

शिट्टी दुकानदाराला ऐकू येईना. एका गिऱ्हाइकाने कान लावला, त्यालाही येईना. मग एक शाळकरी मुलगी पुढे झाली, तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आहे आहे! खूप बारीक आहे!" नानांनी तिच्या दिशेने मान डोलावली.

तिसरा लावला. नाना खूप वेळ ऐकत राहिले. पंख्याची एकसारखी, शांत फिरकी होती. काम वाढलं तसा वाऱ्याचा आवाज थोडा वाढला, काम थांबल्यावर निवला. डबा दिसायला अगदी साधा होता. ना रंगीत दिवे, ना चकचकीत खोकं. आणि वजनालाही मध्यमच.

"सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

"माझ्याकडून पास."

"माझ्याकडूनही पास. बांधा."

दुकानदाराने तो खोक्यात घातला. पहिल्या डब्याचे पैसे त्याने न मागता परत केले, आणि निरोप देताना 'आजोबा'ही म्हणाला नाही, 'ताई'ही म्हणाला नाही. "या, साहेब. या, मॅडम," म्हणाला.

परतताना नानांनी सुनेचं कोपर धरलं होतं, पण या वेळी गप्पा थांबत नव्हत्या. सून भांडारातल्या एका खोडसाळ वितरकाची गोष्ट सांगत होती आणि नाना मधूनमधून त्याला शिव्या देत होते.

घरी डबा बसवताना नानांनी खोलीचं दार उघडं ठेवलं. जुन्या तारा टेबलावर पडल्या होत्या, त्यांतली एक नव्या डब्याच्या खाचेत सहज बसत होती. नानांनी ती खोचण्यापूर्वीच सून म्हणाली, "थांबा! टोक सारखं असलं तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. एका डब्याची तार दुसऱ्याला लावायची नाही. तुमच्या सगळ्या मुलाखती ज्या डिस्कवर आहेत तीच जळेल."

नानांनी ती तार सावकाश बाजूला ठेवली आणि जुन्या सगळ्याच तारा गोळा करून तिच्या हातात दिल्या. "टाकून दे. घरात नकोच." मग त्यांनी नवी प्रत्येक तार बोटांनी चाचपून, कट् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. तिला एकाही तारेला हात लावावा लागला नाही, आणि तिने लावलाही नाही. ती फक्त शेजारी बसून होती.

कॉम्प्युटर सुरू झाला. नानांनी तीच लांबलचक मुलाखत लावली, तेच कष्टाचं काम दिलं, आणि हाताची घडी घालून बसले. काम चालू राहिलं. शेवटपर्यंत गेलं. एका म्हाताऱ्या बोटवाल्याचा आवाज खोलीत आला, स्वच्छ, जणू तो समोरच्या खुर्चीवर बसून सांगतोय.

महिन्याभराने संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. त्यांच्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरांचे सप्लाय बदलायचे होते. नानांनी कुणाकडून घेतला, कोणी सांगितलं, असं त्या विचारत होत्या.

"आमच्या सूनबाईंनी आणि मी," नाना म्हणाले. "तुमच्यासाठीही निवडून देऊ. पण आम्ही दोघं येणार. एकटा मी येत नाही, आणि ती एकटी येणार नाही."

"कधी येता?"

"सूनबाईंची सुट्टी बघून सांगतो."

त्या संध्याकाळी माईंनी आपल्या बहिणीला फोन लावला. त्या नेहमीच मोठ्यांदा बोलायच्या, आज जरा जास्तच मोठ्यांदा बोलत होत्या.

"अगं, संग्रहालयातून बोलावणं आलंय! आमच्या ह्यांना आणि सुनेला! पॉवर... पॉवर सप्लायर निवडायला. हो, दोघांना. अगं, ती लेबल वाचते आणि हे नुसते ऐकतात, आणि खोटा माल पुढे आला की दोघं मिळून त्याची अशी बारीक चाळण करतात की विचारू नकोस! काय? नाही गं, बाहेरचं कुणी नाही. आमच्याच घरातली दोघं!"

बाहेरच्या खोलीत मुलगा हसत बसला होता. आत नाना आणि सून संग्रहालयाच्या कॉम्प्युटरांची बेरीज करत होते.

"नाना, सप्लायर नाही, सप्लाय. सांगू का आईंना?" सुनेने हळूच विचारलं.

नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"बोलू दे गं," ते म्हणाले. "ऐकायला बरं वाटतंय."